जुन्या गाडीच्या बॉडीसाठी घरी केलेली अवजारं: फिरतं मांडण, पत्रा दुमडायचं यंत्र, इंग्लिश व्हील, गंजाची टाकी

जुनीगाडी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. गेलं दीड वर्ष १९६० च्या दशकातली एक चार दारांची गाडी उघडून बसलोय. इंजिन, गिअरबॉक्स, काचा, सीटा, वायरिंग सगळं उतरवून झालं. प्रत्येक बोल्ट पिशवीत आणि पिशवीवर चिठ्ठी. आता समोर आहे तो नुसता सांगाडा. वरून पाहिलं तर बरा वाटतो. खाली शिरून स्क्रूड्रायव्हरने टोचलं की खरं कळतं. दाराखालचे दोन्ही उंबरे, म्हणजे सिल, आतून पोखरलेत. पुढे पाय ठेवायच्या जागी फरशीची चाळण झालीय. मागच्या चाकाच्या कमानीवर आधीच्या कुणीतरी गंजावरच नवा पत्रा चढवून ठेवलाय.

पाठीवर झोपून, ठिणग्या मानेवर घेत एवढं वेल्डिंग नीट होत नाही हे एका आठवड्यात कळलं. म्हणून आधी गाडी कुशीवर वळवता येईल असं मांडण करायला घेतलं, ज्याला रोटिसरी म्हणतात. पुढे एक आणि मागे एक असे दोन खांब, ७५ × ७५ मिमीच्या चौकोनी पाइपचे, जाडी ४ मिमी. प्रत्येक खांबाला रुंद पाया आणि चार चाकं. खांबाच्या डोक्यावर जाड पाइपचा तुकडा आडवा झाळला, म्हणजे वेल्ड केला आहे, त्यात अलगद फिरणारा दुसरा पाइप हा आस. आसाला आडवा हात आणि हाताला बंपरच्या बोल्टांवर बसणारे कान. एका टोकाला १० मिमी प्लेटची चकती, तिला दर ३० अंशांवर भोक. त्यात २० मिमीची खीळ घातली की गाडी त्या कोनात अडकून राहील. दोन्ही खांब खालून जोडायला सरकता पाइप.

गाडी अजून चढवलेली नाही. त्याआधी तीन गोष्टी विचारायच्या आहेत. आस जमिनीपासून किती उंच ठेवू? गाडी आसाशी कुठल्या पातळीवर बांधू? आणि चढवल्यावर सगळ्यात पहिलं काम दोन्ही सिल कापून नवे बसवायचे असा बेत आहे, त्यात काही चुकतंय का?

पुढे पत्रा दुमडायचं यंत्र, इंग्लिश व्हील (दोन चाकांमध्ये पत्रा दाबून त्याला गोलाई द्यायचं यंत्र) आणि गंज काढायची टाकी हेही घरीच करायचंय. ज्यांनी केलंय त्यांनी लिहा, विशेषतः कुठे अडलं ते.

ऐरण

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. बाकीचं चुकलं तर नंतर दुरुस्त होईल, हे होणार नाही. सिल मांडणावर कापू नका.

तुमच्या गाडीला वेगळी चासी नाही, ती मोनोकॉक आहे. पत्रे दुमडून केलेल्या पोकळ पेट्या हाच तिचा कणा. १९३४ च्या सित्रोएन ट्रॅक्शन अव्हाँने ही पद्धत मोठ्या संख्येने रस्त्यावर आणली आणि पुढे बहुतेक सगळ्यांनी उचलली. या रचनेत दाराच्या जागी पत्राच नसतो, त्यामुळे तिथला सगळा भार वरची छताची पट्टी आणि खालचा सिल वाहतात.

रस्त्यावर गाडी सस्पेन्शनच्या चार जागांवर टेकते. मांडणावर ती बंपरच्या दोन टोकांवर तोललेली असते. आधार लांब गेले की मधला भाग खाली झुकू पाहतो. तेव्हा सिल ताणात असतो आणि छत दाबात. अशा वेळी सिल कापला तर खालचा ताण धरणारं काही उरत नाही. दाराची चौकट वरून आवळते, खालून फाकते. मग नवा सिल झाळला की ती चूक कायमची पक्की झाली. गाडी उलटी करून कापली तर हेच उलट दिशेने होतं.

हे ऐकीव नाही. माझ्या पहिल्या गाडीत मी असंच केलं होतं. सगळं वेल्डिंग घासून साफ केल्यावर दार टांगलं, तर मागचा वरचा कोपरा खांबाला टेकला. चार मिमीचा फरक. नवा सिल पुन्हा कापला.

क्रम असा ठेवा. सपाट जमिनीवर, सस्पेन्शनच्या जागांखाली भक्कम घोड्या, म्हणजे गाडी टेकवायचे स्टँड. दारं बिजागऱ्यांवर टांगलेली. मापं घ्या, आतून टेकू बांधा, मग एका वेळी एकच सिल, आणि तोही तुकड्यातुकड्याने. दोन्ही बाजूंचे सिल पुरे झाले, दारं नीट लागली, की मग गाडी मांडणावर. फरशी, कमानी, खालचं घासकाम, रंग हे सगळं तिथे करा. मांडण त्याचसाठी आहे.

ओळंबा

ऐरणकाकांशी पूर्ण सहमत. मापांबद्दल थोडं लिहितो. लोक यंत्रं करण्यात महिने घालवतात आणि माप टेपने उभ्याउभ्या घेतात.

यासाठी विकतची मोजपट्टी लागत नाही. ओळंबा, खडू, लांब टेप आणि पाण्याची पारदर्शक नळी एवढ्यावर भागतं. गाडीखाली कारखान्याने पाडलेली भोकं असतात: सस्पेन्शनचे बोल्ट, गिअरबॉक्सचा आधार, फरशीतली जुळणीची भोकं. प्रत्येकातून ओळंबा सोडून जमिनीवर खूण करा, नाव लिहा. गाडी हलवली तरी जमिनीवर तिचा नकाशा राहतो. मग खुणांमधले कर्ण मोजा. डावा-पुढचा ते उजवा-मागचा, आणि त्याच्या उलट. दोन्ही सारखे असतील तर चौकट काटकोनात आहे. पाच मिमीपेक्षा जास्त फरक आला तर आधी त्याचं कारण शोधा.

उंचीसाठी नळी. दोन टोकांचं पाणी एका पातळीला येतंच, जमीन वाकडी असली तरी. नळीत बुडबुडा नको, एवढंच सांभाळायचं.

दाराच्या चौकटींचे कर्णही मोजा आणि आकडे मास्किंग टेपवर लिहून तिथेच खांबावर चिकटवा. वहीत लिहिलेलं काम करताना कुणी उघडत नाही.

निळी ठिणगी

टेकूंबद्दल. २५ × २५ मिमीचा, २ मिमी जाडीचा चौकोनी पाइप पुरतो. प्रत्येक दाराच्या चौकटीत पुढच्या खांबापासून मधल्या खांबापर्यंत एक आडवा आणि एक तिरका. डाव्या-उजव्या खांबांना जोडणारा एक आडवा, त्यावर एक फुली. टेकू चौकटीच्या आतल्या बाजूला घ्या, म्हणजे ते जागेवर असताना दार पूर्ण बंद करून फट बघता येईल. अनेकजण टेकू नेमका दाराच्या वाटेत झाळतात आणि मग दारं काढून ठेवावी लागतात. तसं झालं तर मोजायचं कशावर?

सगळीकडे झाळायची गरज नाही. सीटबेल्टच्या आणि सीटच्या बोल्टांच्या जागा कारखान्यानेच मजबूत केलेल्या असतात. त्यांना प्लेट बोल्ट करा आणि टेकू त्या प्लेटला झाळा. काम झालं की बोल्ट सोडून टेकू बाहेर, खांबावर घासायला काही उरत नाही.

जुनीगाडी

ऐरणकाका, ओळंबा, निळी ठिणगी, मनापासून आभार. रविवारी कापायलाच बसणार होतो.

घोड्यांवर ठेवून दारं टांगली. उजवीकडे फट वरपासून खालपर्यंत ५ मिमीच्या आसपास. डावीकडे पुढच्या दाराची मागची फट वर ३ आणि खाली ७. म्हणजे कापायच्या आधीच गाडी डावीकडे बसली आहे असं समजायचं का? की बिजागऱ्या झिजल्यात?

ऐरण

दार अर्धं उघडा, मागची कड धरून वर-खाली हलवा. बिजागरी झिजली असेल तर हाताला खेळ जाणवेल. खेळ असेल तर आधी पिना बदला आणि पुन्हा मोजा. नसेल, तर डावा सिल आतून गेलाय आणि गाडी मधे बसलीय.

जुनीगाडी

खेळ नाही. दार घट्ट आहे.

ऐरण

मग टेकू बांधण्याआधी ती उचलावी लागेल. डाव्या मधल्या खांबाच्या पायथ्याखाली, जिथे पत्रा अजून धड आहे तिथे, अर्धा मीटर लांब जाड लाकडी ठोकळा आडवा ठेवा आणि त्याखाली जॅक. जॅकच्या दांड्याला पाव फेरा द्या, दार लावा, फट बघा. परत पाव फेरा. पत्र्याची लवचीकता असते, म्हणून फट बरोबर आल्यावर केसभर पुढे न्या, मग सोडून बघा किती परत येते. वर-खाली सारखी फट आली की जॅक तसाच ठेवून टेकू बांधा. कर्ण पुन्हा मोजा. घाई केली तर खांबाचा पायथा जॅकवर चुरगळेल.

कानस

मध्येच विचारतो. माझ्याकडे फोक्सवॅगन बीटल आहे. तिची वरची बॉडी फरशीच्या सांगाड्यावर बोल्टने बसते. मग मला हे टेकू वगैरे लागतील का?

निळी ठिणगी

लागतील, आणि जास्तच जपून. बोल्ट काढून बॉडी उचललीत की तिला खालून धरणारं काही नसतं. त्यात कडेच्या हीटरच्या पेट्या गंजलेल्या असतील तर उचलतानाच ती कागदाच्या खोक्यासारखी मुडपते. आधी टेकू, मग बोल्ट. नव्या पेट्या बसवताना बॉडी अधूनमधून त्याच फरशीवर ठेवून भोकं जुळतात का बघत राहा. तुमच्याकडे जुळणीचा साचा गाडीतच आहे, त्याचा फायदा घ्या.

तोल

धागाकर्त्यांच्या पहिल्या दोन प्रश्नांकडे कुणी वळलं नाही. मांडणाचं सगळं मर्म तिथेच आहे.

आस गाडीच्या गुरुत्वमध्यातून गेला पाहिजे. किती फरक पडतो ते पाहा. रिकामा सांगाडा ३०० किलोचा धरू. गुरुत्वमध्य आसापासून १० सेंमी बाजूला असेल, तर गाडी कुशीवर असताना आसावर ३० किलोग्रॅम-मीटरचा पीळ येतो. म्हणजे एक मीटर लांब दांडा लावला तर त्याच्या टोकाला ३० किलो जोर धरून ठेवावा लागेल. खीळ काढताक्षणी तो जोर सुटतो. २ सेंमीवर आणलंत तर तोच जोर ६ किलो होतो, एक माणूस एका हाताने गाडी फिरवतो.

रिकाम्या सांगाड्याचा गुरुत्वमध्य फरशी आणि खिडकीची खालची कड यांच्यामध्ये कुठेतरी असतो. दारं, बॉनेट, डिकीचं झाकण लावलेलं आहे की नाही यावर तो सरकतो. नेमका आकडा मागून उपयोग नाही, तो शोधावा लागतो. म्हणून हात आणि आस यांच्यामधली जोडणी उभ्या पट्टीवर करा आणि पट्टीला दर २५ मिमीवर भोकं पाडा. पहिल्यांदा बांधताना आस अंदाजापेक्षा थोडा वर ठेवा. मग गाडी झोपाळ्यासारखी खाली लोंबते आणि सोडली तरी सरळ होते. उलट आस खाली राहिला तर डोकं जड होतं आणि ती सरळ अवस्थेतूनच गिरकी घेऊन कोलमडते. लोंबणाऱ्या बाजूने सुरुवात करून एकेक भोक सरकवत तोल साधा.

उंचीचं गणित सोपं. गाडी बांधल्यावर आसापासून सगळ्यात लांब असलेला कोपरा मोजा. बहुतेक वेळा तो छताची कड किंवा सिलचा खालचा कोपरा असतो. ते अंतर अधिक १० सेंमी एवढी आसाची उंची हवी. मध्यम गाडीला १.१ ते १.२ मीटर लागतो.

आणि दोन्ही आस एका रेषेत हवेत. पुढचा खांब अंशभर तिरका असला तरी फिरवताना गाडी दर फेऱ्याला पिळली जाते आणि तुम्हाला वाटतं पाइप अडकतोय. खालचा जोडपाइप बसवताना दोन्ही आसांमधून दोरा ताणून बघा.

ठोकळा

तोल यांनी नीट लिहिलंय. एक भर. इंजिन स्टँड दोन घेऊन मांडण करणारे बरेच आहेत. तीन चाकांचा स्टँड घेऊ नका, कुशीवर वळवताना तो आडवा होतो. आणि खिळीवर एकट्यावर भरवसा ठेवून खाली डोकं घालू नका. काम करताना गाडीखाली घोडी, कायम.

जुनीगाडी

पाच आठवड्यांनी लिहितोय.

डावी बाजू जॅकने उचलली. साडेतीन फेऱ्यांत फट वर-खाली ५ वर आली. टेकू बांधले, जॅक काढला, फट तशीच राहिली. ओळंब्याच्या खुणांचे कर्ण २ मिमीच्या फरकात आहेत. डावा सिल कापला. आतली मधली पट्टी हाताने ओढली तर भुग्यासारखी सुटली.

नवा सिल विकत मिळत नाही, म्हणून पत्रा दुमडायचं यंत्र केलं. ६५ × ६५ × ६ मिमीचे दोन अँगल, एक टेबलाला पक्का, दुसरा दाराच्या बिजागऱ्यांवर फिरणारा, वरून तिसरा अँगल दाबपट्टी म्हणून. १ मिमीचा पत्रा ३० सेंमी रुंदीपर्यंत सुंदर दुमडतो. पण मीटरभर लांबीला दोन्ही टोकं ९० अंश होतात आणि मधे जेमतेम ८०. शिवाय दुमड रेषेवर पडत नाही, दोन-तीन मिमी सरकते. काय चुकलं?

ऐरण

दोन वेगळे दोष आहेत.

दुमड सरकते कारण बिजागरीची पिन चुकीच्या जागी आहे. तिचं केंद्र नेमकं त्या रेषेवर हवं जिथे दोन्ही अँगलांच्या वरच्या कडा भेटतात. बिजागऱ्या खालून लावल्यात म्हणजे फिरताना फिरता अँगल पुढे घसरत असणार. टोकांना अँगलमध्ये खाच कापून पिन वर आणा, कडेच्या पातळीला. मग दाबपट्टीची कड त्या रेषेपासून पत्र्याच्या जाडीएवढी मागे ठेवा, नाहीतर पत्रा चिमटला जाऊन दुमडीवर चीर जाते.

मधे कमी दुमडतं कारण अँगल मधून वाकतोय. त्याच्या पाठीमागे मधे १५० मिमी उंच असा त्रिकोणी मांडव झाळा, सायकलच्या चौकटीसारखा. दाबपट्टीला वेगळी युक्ती आहे. ती मुद्दाम किंचित कमानदार करा, मधे एक-दीड मिमी खाली. टोकांचे बोल्ट आवळले की मधला भाग आधी दाबतो आणि पट्टी सरळ होऊन सगळीकडे सारखी धरते.

सिलची वरची कड गोल असते ना? ती या यंत्रात करू नका. त्याच गोलाईचा पाइप टेबलाला बांधून पत्रा हाताने, लाकडी हातोड्याने त्यावर बसवा. फर्मा आधी पुठ्ठ्याचा करून गाडीवर लावून बघा.

कानस

सिलच्या कडा कारखान्यात स्पॉट वेल्ड, म्हणजे ठिपक्याठिपक्याने जोडलेल्या होत्या. तसंच दिसावं म्हणून जुन्या मायक्रोवेव्हच्या ट्रान्सफॉर्मरचा स्पॉट वेल्डर करायचा विचार आहे. कुणी केलाय?

निळी ठिणगी

केलाय, आणि तुम्हाला नको म्हणून सांगतोय. मायक्रोवेव्हमधला कपॅसिटर प्लग काढल्यावरही भरलेला असू शकतो आणि त्या ट्रान्सफॉर्मरची मूळ दुय्यम गुंडाळी दोन हजार व्होल्टच्या आसपास देते. उघडलेला चालू करून बघणारी माणसं गेली आहेत. वीजकामाचं शिक्षण नसेल तर त्या डब्याला हात लावू नका. आणि एवढं करून जो वेल्डर होतो तो पातळ पट्ट्यांपुरता बरा. दोन १ मिमीचे पत्रे तो भरवशाने जोडत नाही, आणि सिलला भरवसाच हवा.

त्याऐवजी वरच्या पत्र्याला ८ मिमीचं भोक पाडा, दोन्ही पत्रे क्लॅम्पने घट्ट आवळा, भोकाच्या मधोमध खालच्या पत्र्यावर मिग (तार आणि वायूचा वेल्डर) पेटवून गोल फिरवत भरा. घासल्यावर तो ठिपका स्पॉट वेल्डसारखाच दिसतो. आधी भंगार पत्र्यावर करा आणि पटाशीने उचकटून पाहा. जोड सुटला तर वेल्ड वरवर होता. खालचा पत्रा फाटून आला तर पक्का.

जिथे कडेला कड जोडायची तिथे ०.६ मिमीची तार, आर्गॉनमध्ये १५ ते २० टक्के कार्बन डायऑक्साइड मिसळलेला वायू. कपडा शिवताना घालतो तसे आधी लांब लांब टाके, २५-३० मिमीवर. हात लावता येईल इतकं थंड होऊ द्या, मग दोन टाक्यांच्या मधोमध एक. सलग ओढ ओढू नका. वेल्ड थंड होताना आकसतो आणि पत्रा लाटेसारखा होतो. प्रत्येक टाका मागे डॉली (हातात धरायचा लोखंडी ठोकळा) धरून हातोड्याने हलका ठोकलात की तो परत ताणला जातो. वेळ लागतो, पण पुट्टी लागत नाही.

झाळायच्या जागी क्लोरीन असलेलं ब्रेक क्लीनर कधीही मारू नका. आर्कच्या उष्णतेने आणि प्रकाशाने त्याचा फॉस्जीन होतो, तो विषारी वायू आहे. जस्ताचा मुलामा असेल तर आधी घासून काढा, त्या धुराने ताप भरतो.

धार

गंजाच्या टाकीबद्दल मी लिहितो, बिजागऱ्या, कंस, दाराच्या आतले भाग सगळं तिच्यातच साफ केलंय.

प्लॅस्टिकचं पिंप, पाणी, आणि दर चार लिटरला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा. १२ व्होल्टचा चार्जर. ऋण टोक गंजलेल्या भागाला, धन टोक साध्या लोखंडी पट्टीला. हे उलटं झालं तर तुमचा भागच विरघळतो. गंज समोरासमोरच्या बाजूचा निघतो, म्हणून पट्ट्या चारी बाजूंनी लावा आणि एकमेकींना जोडा. काही आधुनिक चार्जर बॅटरी दिसल्याशिवाय चालूच होत नाहीत, त्यांना मधे एक जुनी बॅटरी लागते.

धन टोकाला स्टेनलेस स्टील नको. ते गंजत नाही म्हणून मोह होतो, पण त्यातलं क्रोमियम विषारी, कर्करोगकारक रूपात पाण्यात उतरतं. मीठही नको, क्लोरीन सुटतो. बुडबुड्यांतून हायड्रोजन निघतो, म्हणून टाकी उघड्या हवेत, आणि चिमटे काढायच्या आधी वीज बंद. स्प्रिंगा आणि उच्च ताकदीचे बोल्ट यात घालू नका, हायड्रोजन पोलादात शिरून ते ठिसूळ होतं. अॲल्युमिनियम तर अजिबात नाही.

बाहेर काढल्यावर भाग काळपट दिसतो. धुवा, लगेच सुकवा, त्याच दिवशी प्राइमर. रात्रभर ठेवलात तर सकाळी तांबूस होतो.

कानस

वाळूचा फवारा जास्त सोपा नाही का?

धार

जाड भागांना हो. छत, बॉनेट, दाराचा बाहेरचा पत्रा यांना नाही. कण आपटून पत्र्याची एकच बाजू ताणली जाते आणि तो फुगतो, मग महिनाभर ते सरळ करत बसावं लागतं. आणि साधी वाळू मुळीच नको. तिच्या धुळीने सिलिकोसिस होतो, त्यावर इलाज नाही. गार्नेट किंवा काचेचा भुगा घ्या, तरीही बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा हवा. कॉम्प्रेसरही बघा. ३ मिमीच्या नोझलला साडेपाच बार दाबाला मिनिटाला पाचशेएक लिटर हवा लागते. नोझल झिजून ४ मिमी झालं की तीच गरज पावणेदोनपट होते.

ठोकळा

इंग्लिश व्हीलवर कुणी आलं नाही अजून. माझं स्पष्ट मत: धागाकर्त्यांनी ते इतक्यात करू नये. दुरुस्तीचे बहुतेक तुकडे एकाच दिशेने वाकलेले असतात. चाकाच्या कमानीसारख्या दुहेरी गोलाईला चामड्याची वाळू भरलेली पिशवी, लाकडी हातोडा, आणि झाडाच्या बुंध्यात कोरलेला खळगा पुरतो. खळग्यात ठोकून फुगवटा आणा, डॉलीवर गुळगुळीत करा.

ऐरण

मला हे पटत नाही. पिशवीवर आकार येतो, पण पत्रा अक्रोडासारखा खडबडीत होतो. तो डॉलीवर सपाट करायला नवख्याला दिवस लागतो. व्हीलमध्ये दहा मिनिटं. फक्त घरी केलेल्या व्हीलची चौकट कच्ची असते, म्हणून लोक निराश होतात. जबडा दाबाखाली उघडला की दाब पत्र्यावर पडतच नाही. तुम्ही स्क्रू आवळत जाता आणि चौकट वाकत जाते. १०० × १०० × ६ मिमीचा पाइप घ्या, जबड्याची खोली ६० सेंमीपेक्षा जास्त ठेवू नका, पाठीला आणि दोन्ही कोपऱ्यांना जाड प्लेट झाळा. डायल गेज, म्हणजे बारीक हालचाल दाखवणारं सुईचं मापक, जबड्याला लावून स्क्रू आवळा. सुई अर्ध्या मिमीपेक्षा जास्त हलली तर अजून प्लेट लागेल.

वरचं चाक सपाट असतं, आकार खालच्या चाकाच्या गोलाईने येतो. मोठ्या बेअरिंगचं बाहेरचं कडं वरच्या चाकाला छान चालतं, ते कडक असतं आणि गोलही अचूक. दाब अगदी कमी ठेवा. पत्र्यावर चाकाच्या रेघा उठल्या तर तो जास्त आहे.

ठोकळा

चौकटीबद्दल मान्य. तरी मी आधी पिशवीवर शिकलो म्हणून व्हीलमध्ये पत्रा कुठे ताणला जातोय ते मला हाताला कळतं, असं अजूनही वाटतं.

ऐरण

त्यात तथ्य आहे. जुनीगाडी, एक कमान पिशवीवर करा आणि दुसरी व्हीलवर. मग तुम्हीच ठरवा.

धार

एकच सूचना. पत्रा आकसवायला ग्राइंडरवर लावायची स्टेनलेस चकती मिळते. घासून उंचवटे तापवायचे आणि ओल्या फडक्याने गार करायचे, काम फार चांगलं होतं. पण ती घरी कापून करू नका. १२५ मिमीच्या चकतीची कड मिनिटाला १२,००० फेऱ्यांना जवळपास ८० मीटर प्रति सेकंद वेगाने फिरते, म्हणजे ताशी २८० किलोमीटर. हाताने कापलेली चकती तोलात नसते आणि फुटली तर थांबवायला मधे काही नसतं.

जुनीगाडी

आणखी दोन महिन्यांनी.

दोन्ही सिल झाले. चारही दारं एका बोटाने ढकलली की लागतात. एकही दार आपटावं लागत नाही. टेकू अजून आत आहेत. काल गाडी मांडणावर चढवली. तोल यांनी सांगितलं तसं आस वर ठेवून सुरुवात केली, चौथ्या भोकावर तोल साधला. मी आणि मुलीने मिळून, म्हणजे खरं तर तिनेच, एका हाताने गाडी कुशीवर वळवली. दारांच्या चौकटींचे कर्ण वळवण्याआधी आणि नंतर मोजले. एक मिमीही हलले नाहीत.

डावी कमान पिशवीवर केली, उजवी व्हीलवर. उजवी दिसायला चांगली आली. पण डावी केल्यामुळेच उजवी जमली, हेही खरं. ठोकळा आणि ऐरणकाका, दोघांचेही आभार.

एक गोष्ट लिहायचीच आहे. गाडी पूर्ण उलटी केली तेव्हा पुढच्या आडव्या पेटीतून माती गळायला लागली. पाऊण तास गळत होती. दोन बादल्या भरल्या. खालून पाहिलं तर त्या पेटीची पाणी जायची भोकं आधीच्या दुरुस्तीत डांबरासारख्या लेपाने बुजवलेली. कापलेले जुने सिल अजून ठेवलेत, तेही काढून पाहिले. त्यांचीही तीच गत. वरून पाणी आत जात होतं, बाहेर निघायला वाट नव्हती. गाडी बाहेरून गंजली असं मी दीड वर्ष समजत होतो.

ओळंबा

नव्या सिलमध्ये भोकं कुठे सोडलीत?

जुनीगाडी

जुन्या सिलवर फर्मा ठेवून त्याच जागी, प्रत्येकी तीन, सगळ्यात खालच्या दुमडीवर. एक भोक मी मागे पातळी बघून आणखी पाडलं, कारण गाडी उभी असताना पाणी तिकडे जमतं असं नळीने मोजल्यावर दिसलं. आत मेण फवारायचंय, ते रंगानंतर. फवारून झालं की प्रत्येक भोकात तार घालून मोकळं आहे का बघणार आहे.

ऐरण

रंगाचं निघालं म्हणून. दोन घटकांच्या रंगात आयसोसायनेट हे घातक रसायन असतं, त्याचा वास येईपर्यंत उशीर झालेला असतो. बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा नसेल तर तेवढं काम रंगाचा बूथ असलेल्याकडे द्या. आणि तुमच्या वर्षांच्या गाड्यांत कारखान्याने छताच्या जोडांत शिसं भरलेलं असतं. ते ग्राइंडरने घासू नका, धूळ उडते. कानशीने काढा, मुलीला लांब ठेवा.

जुनीगाडी

छताच्या मागच्या जोडात करडा, मऊ थर दिसतोय, तेच असणार. कानसच घेतो. पुढच्या आठवड्यात फरशी.